दोनशे चाळीस टक्के गाडी

आत्याचा दावा मंजूर झाला. दादांचा आणि वहिनीचा फेटाळला गेला, गाडीचा सगळा खर्च आत्याच्या धंद्यातून वजा झाला, आणि आत्या काही परत दुकानाच्या काउंटरवर बसली नाही.

पण यातलं अजून काहीच झालेलं नाही. शनिवारी सकाळी कर खात्याच्या तपासनीस बाई जिना चढून वर आल्या तेव्हा तर मुळीच झालेलं नव्हतं. त्यामुळे वरचं कुणी वाचलेलंच नाही असं धरून चालावं.

बाहेरच्या खोलीत पाच माणसं शाळेच्या फोटोला बसतात तशी ओळीने बसली होती. मधे अण्णा. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, आणि अजूनही खुर्चीतून उठताना आधी आरशात बघून घ्यावं तशी मान वळवणारे. त्यांच्या एका बाजूला थोरला मुलगा, म्हणजे दादा. कुलपं उघडणं आणि किल्ल्या कापणं हा त्यांचा धंदा; दुकान याच इमारतीत खाली. दुसऱ्या बाजूला दादांची बायको, वहिनी. ती परिचारिका, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा धुवायची, बांधायची आणि मलमपट्टीबरोबर त्यांच्या सुनांच्या तक्रारीही ऐकून घ्यायची. एका टोकाला दादांची धाकटी बहीण, जी लोकांचे पियानो सुरात लावून द्यायची. तिला आत्या म्हणणारी घरात खरं तर एकच होती, दादांची मुलगी. पण ते नाव आधी जिन्यात गेलं, मग रस्त्यावर, आणि आता दूधवालासुद्धा तिला आत्या म्हणत असे. दादांसाठी मात्र ती अजून चिमीच होती. केस पांढरे व्हायला लागल्यावरही.

दुसऱ्या टोकाला ती मुलगी. एका करसल्लागाराच्या कचेरीत नुकतीच लागल्यामुळे तिला घरात हिशेबनीस म्हणायचे. आज ती मान खाली घालून बसली होती, कारण सगळ्यांची विवरणपत्रं तिनेच भरली होती.

"ही गाडी," तपासनीस बाई म्हणाल्या, "तीन विवरणपत्रांत आहे." बाई तरुण होत्या, लंगडत होत्या आणि अजिबात हसत नव्हत्या. "पहिल्यात ती नव्वद टक्के कामासाठी वापरली गेली. दुसऱ्यात ऐंशी टक्के. तिसऱ्यात सत्तर. बेरीज दोनशे चाळीस होते."

"गाडी चांगलीच आहे," अण्णा म्हणाले.

"गाडी कितीही चांगली असली तरी शंभरच्या वर जात नाही."

"तुम्ही बसला नाहीत अजून."

"अण्णा," हिशेबनीस हळूच म्हणाली, "त्या वेगाबद्दल बोलत नाहीयेत."

बाईंनी तिच्याकडे वळून विचारलं, "हे तुम्ही भरलंत?"

"हो. पण कुणी खोटं नाही सांगितलं. मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, वर्षभरात गाडी कामासाठी किती वापरली. बाबा म्हणाले, अगं जवळजवळ कामासाठीच, नव्वद धर. आई म्हणाली ऐंशी. आत्याने बराच विचार केला आणि सत्तर म्हणाली."

"आणि तुम्ही बेरीज नाही केली?"

"तीन वेगळी माणसं, तीन वेगळी विवरणपत्रं," हिशेबनीस म्हणाली. "बेरीज करणं मला खाजगीपणाचा भंग वाटला."

बाईंनी हे लिहून घेतलं. हिशेबनीसला वाटलं, आपल्या नोकरीतलं हे शेवटचं वाक्य असणार, आणि वाक्य म्हणून ते तसं वाईट नव्हतं.

"एकाच गाडीत एकाच वेळी तिघेही कामाला जातात?" बाईंनी विचारलं.

"मग काय," अण्णा म्हणाले. "रिकामी सीट घेऊन आमची गाडी हलत नाही. मी आयुष्यात रिकामी बस चालवली नाही, आता म्हातारपणी रिकामी गाडी चालवू?"

हे खरं होतं. गाडी सात जणांची होती, ती अण्णांशिवाय कुणी चालवत नसे, आणि अण्णा सगळ्या सीट भरल्याशिवाय ती सुरू करत नसत. एकाला बाहेर पडायचं असेल तर घरातले सगळे चपला घालत. तरीही जागा उरली तर अण्णा पुढच्या थांब्यावर गाडी उभी करत. मागे एकदा थांब्यावर बुटाची नाडी बांधायला टेकलेला एक गृहस्थ अशा रीतीने शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता. तिथे त्याला घर आवडलं, आणि आता तो तिथेच राहतो.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "नियम सोपा आहे. ज्याच्या कामासाठी गाडी निघाली, खर्च त्याचा. बरोबर बसले ते प्रवासी. प्रवाशाला वजावट मिळत नाही. तिघांपैकी एक दावा राहील, दोन मागे घ्यायचे."

"एवढंच ना?" दादांचा चेहरा खुलला. "मग प्रश्नच मिटला. गाडी माझ्या कामासाठी निघते. कुलूप अडलं की निघालो. हिची औषधांची पेटी ती केवढी, ही सहज बसते बरोबर. आणि चिमीला आम्ही नेतो, तिला एकटीला घरी करमत नाही म्हणून."

"मला करमत नाही?" आत्या म्हणाली.

"अगं, तसं नव्हे. पण जातेस ना सोबत!"

"मी सोबत जाते?"

"बघा मॅडम, तीच म्हणतेय."

आत्याकडे उत्तर होतं. पण दादांसमोर तिच्या उत्तरांना ओठांआडच थांबायची लहानपणापासूनची सवय होती. वर्षभरापूर्वी फक्त एकदा ते बाहेर पडलं होतं. जेवताना ती उठली होती आणि दुकानाची किल्ली तिने दादांच्या सुपात टाकली होती. "उद्यापासून काउंटरवर दुसरं कुणी बघ," ती म्हणाली होती. दादांनी सूप संपवलं, किल्ली पुसली आणि मग तडजोड मांडली. वर्षभर कर तुझे पियानो. वर्षाअखेर कर खात्याने त्याला धंदा म्हटलं तर तो धंदा. छंद म्हटलं, तर गुपचूप काउंटरवर परत. दादा स्वतः कर खात्याकडून आजवर काहीच वदवून घेऊ शकले नव्हते, त्यामुळे ही अट त्यांना सुरक्षित वाटली होती.

"मॅडम," आत्याने विचारलं, "माझा गाडीचा खर्च वगळला तर माझ्या कागदावर काय उरतं?"

बाईंनी तिसरा कागद पाहिला. "तारा पिळायचा पाना. नादकाटा. थोडं लोकरीचं कापड."

"आणि तेवढ्यावर खातं काय म्हणतं?"

"छंद," बाई म्हणाल्या. त्यांना तडजोडीबद्दल काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्या हा शब्द अगदी सहज म्हणाल्या.

दादांना बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. पण काउंटर वर्षभर रिकामा होता. सगळं घर गाडीत बसून गेलं की दुकानाला कुलूप, आणि बंद दुकानासमोर उभं राहून लोक, किल्ली हरवलेले लोक, काय काय बोलायचे ते शेजारचा शिंपी त्यांना रोज चवीने सांगायचा.

वहिनीने दादांची बाजू घेतली. लग्नापासून ती पाहुण्यांसमोर त्यांचीच बाजू घेत आली होती आणि घरी गेल्यावर काढून घेत होती. आज पाहुणे घरातच असल्यामुळे जरा अडचण होती. "वन्सं, तसं बघितलं तर काउंटर काही वाईट नाही," ती म्हणाली. "सावलीत बसायचं. गाडीचं मी आणि हे बघून घेऊ."

"तू कशी बघणार?" दादा म्हणाले. "एकच दावा राहणार म्हणाल्या त्या."

"मग?"

"मग माझा राहील. तुझी माणसं जवळच राहतात गं. चालत गेलीस तरी चालेल. तब्येतीलाही बरं."

वहिनी हळूहळू त्यांच्याकडे वळली. अण्णांनी आपली खुर्ची दोघांच्या मधून थोडी मागे घेतली.

"चालत," वहिनी म्हणाली.

"म्हणजे कधीतरी."

"कुलूप उघडायला उशीर झाला तर माणूस फार तर बाहेर उभं राहतं. माझी माणसं उभी राहू शकत नाहीत, म्हणून तर मी जाते त्यांच्याकडे! मी प्रवासी?"

"मी प्रवासी म्हटलं का?"

"वन्सं," वहिनी म्हणाली, "इकडे सरका." आणि तिने आपली खुर्ची उचलून आत्याच्या खुर्चीला चिकटवली. ओळीत आता दादांच्या बाजूला फक्त हिशेबनीस उरली, तीही बसायला दुसरी खुर्ची नव्हती म्हणून.

तिने वडिलांच्या मदतीला एक तोडगा काढला. "सगळ्यांचेच टक्के सारख्या प्रमाणात कमी केले तर? बाबांचे साडेसदतीस, आईचे..."

"साडेसदतीस?" दादा म्हणाले. "नव्वदवरून? पोटच्या पोरीने?"

"बाबा, गणित आहे ते."

"माझं राहिलंच की," अण्णा म्हणाले. "गाडी चालवतो मी. गाडी चालवणं हेच माझं काम. म्हणजे शंभर टक्के कामासाठीच. माझे शंभर कुठे लिहिलेत?"

तपासनीस बाईंनी पेन खाली ठेवलं. "तीनशे चाळीस," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आवाजात पहिल्यांदाच थोडा जीव आला होता.

तेवढ्यात फोन वाजला. आत्याने उचलला, ऐकलं, दोनदा "अरे बापरे" म्हणाली, एकदा "तो कसा आहे?" म्हणाली, आणि फोन ठेवून रोजच्या सवयीने म्हणाली, "दादा, संगीत शाळेत एक कुलूप आहे."

"बघा!" दादा उभे राहिले. "बघा मॅडम, आलं काम! मी म्हटलं ना, कुलूप अडलं की गाडी निघते. चला!"

"वहिनी, एक अंगठाही आहे," आत्या म्हणाली.

"किती सुजलाय?"

"वांग्याएवढा म्हणतात."

वहिनीने पेटी उचलली. अण्णा कधीच जिन्यात पोचले होते. तपासनीस बाई एकट्याच बसून राहिल्या.

"चला," अण्णा दारातून म्हणाले.

"मी? मी तपासणीला आले आहे."

"मग तपासायला गाडीत नको बसायला? आणि एक सीट रिकामी आहे, मॅडम. तुम्ही नाही आलात तर आम्हाला थांब्यावर कुणीतरी शोधावं लागेल."

*

पुढे अण्णा आणि दादा. मधल्या बाकावर वहिनी, तपासनीस बाई, हिशेबनीस. अगदी मागे आत्या, आणि तिच्या शेजारी किल्ल्या कापायचं यंत्र, पट्टा लावून. वळणावर यंत्र आत्याच्या खांद्यावर डोकं टेकल्यासारखं कलायचं आणि ती ते सवयीने सरळ करायची.

या जागेवरून तिला नेहमी सगळ्यांच्या फक्त माना दिसायच्या. घरातल्या कुणाचं काय बिनसलंय ते तिला मानेवरून कळायचं. दादांची मान आज ताठ होती. काउंटर. दारावरची ती घंटी, जी वाजली की वर बघायचं, आणि कुणीतरी म्हणायचं, अशीच दुसरी करून द्या. दिवसभर तेच. अशीच दुसरी. अशीच दुसरी. तिने खिशातला नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. तो एकच सूर त्या गाडीत सगळ्यांपेक्षा सरळ बसला होता.

"हे रोज असंच असतं?" बाईंनी वहिनीला विचारलं.

"आज जरा शांत आहे. तुमचा पाय बघू."

"पायाला काही नाही."

"लंगडताय तुम्ही. बूट काढा."

"मी कामावर आहे."

"मीही," वहिनी म्हणाली, आणि ऐंशी टक्क्यांचा सगळा राग एकवटून तिने बूट काढला. टाचेला फोड होता. चौक येईपर्यंत तो धुऊन, बांधून झाला होता. बाईंनी टाच हळूच टेकवून पाहिली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. खात्याने त्यांना चौकशीचं प्रशिक्षण दिलं होतं, पण फोडाला पट्टी मिळाली तर काय करायचं ते सांगितलं नव्हतं.

"हे लिहावं लागेल मला," त्या शेवटी म्हणाल्या.

"लिहा ना. नवा बूट होता, असंही लिहा."

पुढे दादा मागे वळून म्हणाले, "मॅडम, वर्षभर बघतोय मी. या शहरात कुलपं बिघडायचं प्रमाण फार वाढलंय. गेल्या महिन्यात त्या टेकडीवरच्या घरात, मग त्या निवृत्त न्यायाधीशांकडे, मग बालवाडीत. मी तर म्हणतो हवेत काहीतरी आहे."

हिशेबनीसने ती तीन ठिकाणं मनातल्या मनात घोळवली. टेकडीवरचं घर. न्यायाधीश. बालवाडी. तिला बेरीज करायची सवय नव्हती हे सकाळीच सिद्ध झालं होतं, पण या वेळी ती आपोआप झाली. तिने मागे वळून आत्याकडे पाहिलं. आत्याने यंत्र सरळ केलं.

*

संगीत शाळेच्या सभागृहात खुर्च्या लावणं चाललं होतं. संध्याकाळी कार्यक्रम होता. मंचावर काळा पियानो झाकण मिटून बसला होता, आणि त्याच्यासमोर पाहुणा वादक अंगठा वर करून उभा होता. लांबून पाहणाऱ्याला सगळं उत्तम चाललंय असं वाटलं असतं.

"आल्या एकदाच्या पियानोवाल्या बाई!" मुख्याध्यापिका धावत आल्या. "काल सरावात झाकण यांच्या अंगठ्यावर पडलं. मी इतकी चिडले, इतकी चिडले, की झाकणाला कुलूपच लावलं. आणि किल्ली कुठे ठेवली तेच आठवत नाही. सूरही उतरलाय, तो वेगळाच." मग त्यांनी मागच्या घोळक्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "बरं झालं, सगळी माणसं घेऊन आलात."

"कुणाची माणसं?" दादांनी विचारलं.

"यांचीच ना तुम्ही?"

"मी त्यांचा मोठा भाऊ आहे."

"हो का? छान. ते कुलूप तेवढं काढता?"

दादांनी कुलूप काढलं. जुनं, चिमुकलं पितळी कुलूप होतं. त्यांनी खिशातली बारीक तार घातली, डोळे मिटले आणि ते उघडलं. कुलूप उघडताना दादांचा चेहरा फार गोड होत असे. तो बाहेरच्या कुणी फारसा पाहिला नव्हता, कारण कुलूपवाल्याकडे माणूस बघतच नाही, दाराकडे बघतो. तिकडे वहिनीने वादकाला खुर्चीत बसवून त्याचा अंगठा ताब्यात घेतला. "वाजवता येईल का?" तो कळवळून विचारत होता. "बाकीची नऊ बोटं काय फक्त घास घ्यायला ठेवलीत का?" ती म्हणाली.

एरवी कुलूप उघडलं की दादा सरळ गाडीत जाऊन बसत आणि काम संपलं म्हणून झोपत. उठत तेव्हा घरी आलेले असत. आज ते निघाले, तर तपासनीस बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "मी अजून तपासतेय."

म्हणून दादा पहिल्या रांगेत बसले, आणि बहिणीला काम करताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

तिने पियानोचं पोट उघडलं. आत तारांचं रान होतं. ती एकच पट्टी दाबायची, ऐकायची, पाना अगदी किंचित पिळायची, परत तीच पट्टी दाबायची. खुर्च्या लावणाऱ्यांनी खुर्च्या सरकवायचं थांबवलं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापिका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. एका पट्टीपाशी आत्या बराच वेळ अडली. दाबते, मान हलवते, पिळते, दाबते. दादांना सूर कळत नव्हते, पण अडलेली वस्तू कळायची. त्यांचे खांदे पुढे आले, डोळे मिटले, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर बारीक हलायला लागली. अजून थोडं, ते मनात म्हणाले. अजून थोडं, चिमे, आतला खटका लागलाच आता.

सूर बसला. दादांनी सुस्कारा सोडला. तो रिकाम्या सभागृहात इतका मोठा ऐकू आला की आत्याने वळून पाहिलं.

"काय रे?"

"काही नाही. झालं ते."

"तुला कळलं?"

"उघडलं की कळतं," दादा म्हणाले.

बाईंनी कागद काढले. "आता एक विचारते, म्हणजे मला निघता येईल. आजची फेरी कुणाच्या कामासाठी होती?"

दादांनी सवयीने छाती भरून घेतली. "माझ्या. कुलूप..." आणि ते थांबले.

मागच्या रांगेतून हिशेबनीस म्हणाली, "बाबा, त्या टेकडीवरच्या घरात कुठलं कुलूप होतं?"

"झाकणाचं."

"न्यायाधीशांकडे?"

"तेही... झाकणाचंच. असतात लोकांकडे झाकणं!"

"बालवाडीत?"

वर्षभर आत्या फोन ठेवून म्हणायची, दादा, अमक्याकडे एक कुलूप आहे. आणि ते, शब्द कानावर पडताच, चला म्हणून उठायचे. आधी कुणाचा फोन वाजला हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. जुने पियानो. हरवलेल्या किल्ल्या. आणि अशा घरात हमखास एक म्हातारं माणूस, ज्याच्या गुडघ्यावर वहिनीची पट्टी असायची. सगळं एकाच फोनमधून निघत होतं, आणि तो फोन घेणारी गाडीत सगळ्यात मागे यंत्र सांभाळत बसायची.

वहिनीने अंगठा बांधता बांधता वर पाहिलं. तिलाही ते त्याच क्षणी कळलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, पण या वेळी कुठलीच बाजू घेतली नाही.

आजची फेरी माझी, एवढं दादांनी म्हणायचा अवकाश होता. कुलूप खरंच होतं, त्यांनीच उघडलं होतं, खोटं काहीच नव्हतं. बाई लिहून घेणार होत्या. सोमवारपासून काउंटरवर घंटी वाजली असती आणि कुणीतरी वर पाहिलं असतं.

मंचावर आत्या पाना धरून उभी होती. तिने मान खाली घातली नव्हती, हे दादांच्या लक्षात आलं. चिमी त्यांच्यासमोर नेहमी मान खाली घालायची. कधी बंद केलं तिने?

"हिच्या," दादा म्हणाले.

"म्हणजे?"

"हिने बोलावलं म्हणून मी आलो. कुलूप पियानोचं होतं. पियानो हिचा. म्हणजे पियानो यांचा, काम हिचं." त्यांनी बाईंच्या कागदाकडे बोट केलं. "आणि आजचीच नाही. वर्षभराची. लिहा तसं."

"त्यामुळे तुमचा दावा जाईल."

"कळतंय मला."

"तुम्ही प्रवासी ठराल."

"प्रवासी कशाला?" मुख्याध्यापिका भिंतीपासून म्हणाल्या. "मदतनीस लिहा. चांगले आहेत हो, हाताला हलके."

"सत्तर नको मग," बाई म्हणाल्या. "शंभर."

"आणि पियानोचं काय म्हणाल?" आत्याने विचारलं. "छंद?"

बाईंनी सभागृहाकडे पाहिलं. खुर्च्या, अंगठा, मंचावरचं उघडं पोट, पहिल्या रांगेत घाम पुसत असलेले दादा. "छंदात इतकी माणसं राबत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि धंदा असं लिहिलं.

आत्या पायऱ्या उतरून खाली आली. ती काहीतरी छान बोलेल म्हणून सगळे थांबले.

"दादा," ती म्हणाली, "तू डोळे मिटून काय करत होतास?"

"मदत."

"मला वाटलं झोपलास."

"अगं, मदतनीस झोपतो का?" दादा म्हणाले. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून नाक शिंकरलं, आणि ते सगळ्यांनी सर्दी म्हणून मान्य केलं.

परतताना मात्र वाद झाला. आत्याने पुढे बसावं असं दादांचं म्हणणं होतं, आत्याला पुढची सीट टोचत होती, वहिनी म्हणाली मग मी बसते, मी काय जन्मभर मधेच बसणार, अण्णा म्हणाले कुणीही बसा, पण रिकामी नको. शेवटी पुढे तपासनीस बाई बसल्या. टाच दुखत नसल्यामुळे त्यांच्या मनात घरी जायचं फारसं नव्हतं. गल्ली येईपर्यंत त्यांनी अण्णांना दोन शॉर्टकट सांगितले, आणि ते दोन्ही चुकीचे निघाले.

सोमवारी दादांनी दुकानाच्या दारावर 'काउंटरवर माणूस पाहिजे' अशी पाटी लावली. मग आत जाऊन दार ओढून घेतलं, यंत्र बाजूला सरकवलं आणि काउंटरवर कोरा कागद ठेवून एक अर्ज लिहिला. हिशेबनीस त्यांना म्हणाली की बाबा, घसारा म्हणजे वस्तू वापरून झिजते ती झीज, तो फक्त वस्तूवर मिळतो. दादा म्हणाले, तू नुसतं शुद्धलेखन बघ. तिने बघितलं. अर्ज असा होता:

"प्रति, मा. तपासनीस, कर खाते. विषय: घसाऱ्याबाबत.

महोदया,

अर्जदाराची बहीण अर्जदारापेक्षा वयाने लहान असून, गेल्या वर्षी कोणत्या तरी तारखेस ती अर्जदारापेक्षा मोठी झाली. सदर बदल अर्जदारास कोणीही लेखी कळवला नाही. परिणामी अर्जदार संपूर्ण वर्ष, गाडीच्या पुढच्या सीटवर बसून, आपणच तिला नेत आहोत या समजुतीत होता. ही समजूत अर्जदाराने बहिणीच्या जन्मापासून रोज वापरली असून ती आता पूर्णपणे झिजली आहे व दुरुस्तीच्या पलीकडे आहे. नवीन घेण्याची अर्जदाराची इच्छा नाही.

तरी सदर समजुतीवर, गाडीला लागू असलेल्या दरानेच, मागील सर्व वर्षांचा घसारा मंजूर करून मिळावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
मदतनीस"